थीम ‘जगभ्रमण’, माझ्या वाट्याला जपान. पंख्याशिवाय काय दाखवू?

तिसरी_रांग

मी एका डान्स रिअ‍ॅलिटी शोमध्ये असिस्टंट कोरिओग्राफर आहे. कुठला शो ते विचारू नका, कागदावर सही केलेली आहे. पुढच्या शूटची थीम ‘जगभ्रमण’. आठ स्पर्धक, आठ देश: स्पेन, ब्राझील, रशिया, आयर्लंड, इजिप्त, चीन, जपान आणि आफ्रिका. हो, आफ्रिका. मीटिंगमध्ये मी हळूच म्हटलं, आफ्रिका हा देश नाही, तिथे ५४ देश आहेत. क्रिएटिव्हवाला शांतपणे म्हणाला, ‘‘पण आपल्याकडे स्लॉट आठच आहेत.’’

मग बोर्डवर प्रत्येक देशापुढे ‘लूक’ लिहिला गेला. स्पेन: लाल, दातात गुलाब, बैल. ब्राझील: पिसं. रशिया: फरची टोपी, उकिडवं बसून लाथा. आयर्लंड: हिरवं, हात अंगाला चिकटलेले. इजिप्त: कोपरात वाकवलेले हात, डोळ्यांत काजळ. चीन: ड्रॅगन. जपान: पंखा, पांढरा चेहरा, लाजणं. आफ्रिका: ढोल, पानं, आणि पुढे नुसतं ‘एनर्जी’. तो बोर्ड मी फोटो काढून ठेवलाय. त्यावर स्टेप एकही नाही.

आमचे मास्टर वाईट नाहीत. पण सोमवारी थीम कळते, गुरुवारी कॅमेरा रिहर्सल, शुक्रवारी शूट. नाच दीड मिनिटाचा. त्यातले पहिले दहा सेकंद एंट्रीत जातात, शेवटचे पाच पोजमध्ये, आणि मध्ये एक लिफ्ट (जोडीदाराला वर उचलणं) हवीच, कारण प्रोमो तिच्यावरच कापतात. उरलेल्या मिनिटभरात जपान बसवायचा.

काल रिहर्सलनंतर एक उद्योग केला. काळ्या टीशर्टमधली रिहर्सल फोनवर शूट केली होती, ती आवाज बंद करून बघितली. आमचं नेहमीचंच होतं सगळं: धाव, गिरकी, लिफ्ट, जमिनीवर घसरणं. जपान होता तो फक्त पंख्यात. मग मुलीच्या हातातला पंखा काढून लाल कापड दिलं, तेच आठ काउंट (तालाचे ठोके) पुन्हा करायला सांगितले. स्पेन झाला. अगदी सरळ स्पेन. मला हसूही आलं आणि पोटात खड्डाही पडला.

यापूर्वी एकदा तोंड पोळलंय, म्हणून जास्त घाबरते. दोन वर्षांपूर्वी, दुसऱ्या एका ठिकाणी, आम्ही किमोनोवाला नाच केला होता. किमोनो नेसवायचा कसा हे कुणालाच येत नव्हतं. मी फोनवरचा एक फोटो समोर ठेवून चौघींना नेसवलं. तो फोटो कुणीतरी आरशात काढलेला होता, म्हणजे उलटा. डावा पदर वर यायला हवा होता, आमच्याकडे उजवा आला. एपिसोड गेल्यावर व्हिडिओखाली एका जपानी बाईंनी अगदी सभ्य शब्दांत लिहिलं, की अशी उजवी बाजू वर ठेवून आमच्याकडे फक्त मृतांना नेसवतात. आमच्या चारही मुली प्रेतासारख्या नेसून गालात हसत पंखे फिरवत होत्या. चॅनेलने ती कॉमेंट उडवली. मी स्क्रीनशॉट काढला होता, अजून आहे.

या वेळी डावा पदर वर, हे मी स्वतः बघितलंय. क्विक चेंज आहे म्हणून ओबीची (कमरेच्या पट्ट्याची) मोठी गाठ पुढे वेल्क्रोने लागते, मागे हात पोचत नाही. स्पर्धक मुलगी नऊ वर्षांची आहे, सोबत आमचा एक डान्सर.

तर प्रश्न असा: चार दिवस आणि दीड मिनिट हातात असताना एखादा देश दाखवायचा आणि त्याची नक्कल-टवाळी होऊ द्यायची नाही, हे जमतं का कुणाला? की ‘थीम’ म्हटली की हे असंच होणार?

शिलाईवाला

ताई, आम्ही पडद्यामागचे ड्रेसवाले. तुमचा बोर्ड वाचून माझी ट्रंक आठवली. माझ्याकडे एक ट्रंक आहे, तिच्यावर खडूने लिहिलंय ‘फॉरेन मिक्स’. त्यात बैलफायटरचं जॅकेट, तीन पंखे, एक फरची टोपी, सोनेरी सापाचा पट्टा, गवताचा स्कर्ट. थीम आली की ट्रंक येते. गेल्या बारा वर्षांत त्या ट्रंकेत नवा देश आलेला नाही.

दोष एकट्या कोरिओग्राफरला देऊ नका. घरी माणूस एका हातात मोबाइल धरून टीव्ही बघतो. त्याने मान वर केली की दोन बीटमध्ये देश कळला पाहिजे, नाहीतर त्याला वाटतं आपण चुकीचा एपिसोड लावला. मागच्या एलईडी पडद्यावाल्याचंही तेच. तो लायब्ररीत ‘जपान’ टाकतो आणि फुजी पर्वत, गुलाबी फुलं, लाल कमान असं तिन्ही मिळून येतं. त्याला चौथं काही मिळतच नाही.

एक मात्र ऐका. आफ्रिकावाल्या टीमला आजच सांगा, कातडीच्या रंगाचे बॉडीस्टॉकिंग (अंगभर घट्ट बसणारा कपडा) आणि काळा मेकअप मागवू नका. माझ्याकडे अशी ऑर्डर एकदा आली होती, मी ‘स्टॉक नाही’ म्हणून टाळली. स्टॉक होता. चीनच्या सरकारी वाहिनीने वसंतोत्सवाच्या कार्यक्रमात २०१८ला एका नटीला काळा चेहरा आणि खोटे नितंब लावून आफ्रिकन आई केलं. जगभर छी-थू झाली. तरी २०२१ला त्याच कार्यक्रमात पुन्हा चेहरे काळे करून ‘आफ्रिकन’ नाच झाला. इतक्या मोठ्या वाहिनीला तीन वर्षांत कळलं नाही, तर आपल्या क्रिएटिव्हला चार दिवसांत कळेल अशी आशा ठेवू नका. सरळ सांगा, मटेरियल मिळत नाही.

टाच_आधी

मी बॉलरूम-लॅटिन शिकवते, वीसेक वर्षं. तुझं लाल कापडाचं वाचून मोठ्याने हसले, कारण आमचा सगळा धंदाच त्या कापडावर उभा आहे.

स्पेनचं घे. टीव्हीवर स्पेन म्हटलं की पासो डोबले हा नाच. पुरुष म्हणजे मॅटाडोर, बैलाशी झुंजणारा, आणि बाई म्हणजे त्याच्या हातातलं कापड. (हो, बाई म्हणजे कापड. विद्यार्थिनींना हे पहिल्यांदा सांगताना माझा आवाज अजून खाली येतो.) आता त्याच्या स्टेपांची नावं बघ: स्यूर प्लास, अपेल, उइत, कू द पीक. सगळी फ्रेंच! नाच स्पेनचा, बसवला गेला फ्रान्समध्ये, आणि पुढे नियमांचं पुस्तक इंग्लंडचं. खुद्द स्पेनमधल्या कॅटालोनियाने २०१० साली बैलांच्या झुंजींवर बंदी घालणारा कायदा केला, तो पुढे २०१६ला स्पेनच्या घटनात्मक न्यायालयाने रद्द केला. म्हणजे ज्या गोष्टीवर त्या देशात एवढं भांडण चाललंय, तीच आपण त्यांची ओळख म्हणून दर सीझनला नाचतो.

रुंबाची तीच गत. लंडनमध्ये पिएर नावाचे एक नृत्यशिक्षक होते, ते १९४७ साली क्युबाला गेले, तिथले नाच शिकून आले आणि त्यांनी व त्यांच्या जोडीदार डोरिस लावेल यांनी इंग्लंडमध्ये ते रुळवले. आम्ही जिला रुंबा म्हणतो ती संथ, गळ्यात गळा घालणारी. क्युबातला मूळ रुंबा ढोलांवरचा, गल्लीतला, आफ्रिकी वळणाचा. २०१६ला युनेस्कोच्या यादीत गेला तो हा दुसरा. सांबाही तसाच. आम्ही जोडीने करतो तो सांबा रिओच्या रस्त्यावर कुणाला दाखवलास तर ते विचारतील, हा कुठल्या देशाचा? जाइव्ह तर अमेरिकेतल्या कृष्णवर्णीयांचा नाच, तरी स्पर्धेत ‘लॅटिन’मध्ये मोडतो. ब्रिटनमध्ये २००४ला सुरू झालेल्या ‘स्ट्रिक्टली कम डान्सिंग’ची बहीण-भावंडं कितीतरी देशांत आहेत, आपल्याकडे २००६पासून ‘झलक दिखला जा’. म्हणजे क्युबा, ब्राझील आणि स्पेन कसे दिसतात हे जगाला शिकवलं ते लंडनच्या हिशेबाने.

ही देशांची वरात टीव्हीने काढलेली नाही, हे पण लक्षात घे. बॅलेत तिला ‘कॅरेक्टर डान्स’ म्हणतात. १८९२चा ‘नटक्रॅकर’ हा बॅले बघ. त्यात चॉकलेट म्हणजे स्पेन, कॉफी म्हणजे अरबस्तान, चहा म्हणजे चीन. देश म्हणजे खाऊचे डबे! त्यातल्या ‘अरबी’ नाचाची चाल तर जॉर्जियातल्या एका अंगाईवरून घेतलेली आहे. १२५ वर्षं चहाच्या नाचात नर्तक एक बोट वर करून, मान हलवत, लुटूलुटू उड्या मारत होते. न्यूयॉर्क सिटी बॅलेने त्याचा मेकअप आणि हावभाव बदलले ते २०१७मध्ये.

आता तुझा प्रश्न. जमतं का? एक उदाहरण मला पाठ आहे, कारण ते मी वर्गात दाखवते. २०१०चं व्हँकुव्हर ऑलिंपिक, आइस डान्स. त्या सीझनला ‘ओरिजिनल डान्स’चा विषय सगळ्यांना एकच: लोकनृत्य. म्हणजे तुझं जगभ्रमण, फक्त बर्फावर आणि पदकांसाठी.

रशियाच्या डोम्निना आणि शाबालिन यांनी ऑस्ट्रेलियातल्या मूलनिवासींचा नाच घेतला. त्या जानेवारीत युरोपियन स्पर्धेत ते उतरले तेव्हा अंगाला गडद तपकिरी घट्ट कपडा, त्यावर पांढरे पट्टे, कमरेला पानं. मूलनिवासी नेत्यांनी जाहीरपणे सांगितलं, की हे आम्हाला अपमानकारक वाटतं, ही आमच्या विधींची चिन्हं आहेत. त्यावर शाबालिनचं म्हणणं काय, तर आम्ही इंटरनेटवर पुष्कळ माहिती शोधली. ऑलिंपिकला त्यांनी कपड्याचा रंग फिका केला. नाच तोच ठेवला.

त्याच रात्री अमेरिकेच्या मेरिल डेव्हिस आणि चार्ली व्हाइट यांनी हिंदी सिनेमातल्या गाण्यांवर नाच केला. आता ते काही लोकनृत्य नाही, हे तुला-मला कळतं, पण ते राहू दे. त्यांनी काय केलं? मिशिगनमध्ये भारतीय नाच शिकवणाऱ्या एका बाईंकडे आधी गेले. मग स्टेप बसवल्या. तो व्हिडिओ आवाज बंद करून बघ. मान, मनगट, डोळे, सगळं काउंटवर आहे. तिच्या अंगावरचे कपडे मनात बदलून टाक, तरी कुठला नाच ते कळतं. कॅनडाचे व्हर्च्यू-मॉइर त्या रात्री स्पेनचा फ्लॅमेंको नाचले, तेही फ्लॅमेंको शिकून.

विषय एकच, वेळ एकच. फरक एवढाच, की एका जोडीने पायापासून सुरुवात केली आणि एकीने कपड्यापासून. पुढच्या सीझनपासून तो ‘ओरिजिनल डान्स’ प्रकारच बंद झाला, ‘शॉर्ट डान्स’ नावाच्या नव्या प्रकारात जमा झाला.

जपानचं मला येत नाही, त्यावर जाणकार बोलतील. आफ्रिकेच्या स्लॉटचं मात्र सुचवते: ‘आफ्रिका’ खोडून ‘दक्षिण आफ्रिका’ लिहायला लाव आणि गमबूट डान्स घ्या. तिथल्या सोन्याच्या खाणींतल्या मजुरांचा नाच. रबरी बुटांवर थापा, टाळ्या, पाय आपटणं. खाणीत अंधार, बोलायला बंदी, म्हणून बुटांवर वाजवून एकमेकांना खुणा करायचे, असं सांगतात. पानं नाहीत, पिसं नाहीत. आणि ‘एनर्जी’ म्हणाल तर दीड मिनिटात घाम काढतो.

रिमोट_माझाच

मी साधा प्रेक्षक. थोडं उलटं बोलतो, रागावू नका.

तुम्ही सगळे फार मनाला लावून घेता. देश स्वतःच स्वतःची चित्रं विकतात हो. १९९४ची युरोव्हिजन, म्हणजे युरोपातली गाण्यांची टीव्ही स्पर्धा, डब्लिनला झाली. गाणी संपून मतमोजणी होईपर्यंत वेळ भरायला आयरिश लोकांनी सात मिनिटांचा नाच ठेवला. तोच ‘रिव्हरडान्स’. हात अंगाला चिकटलेले, पाय मशीनसारखे. आज आयर्लंड म्हटलं की तुमच्या बोर्डवर तेच येतं ना? ते कुणी परक्याने लादलेलं नाही. गंमत म्हणजे त्यात सगळ्यांत पुढे नाचणारे दोघेही, मायकेल फ्लॅटली आणि जीन बटलर, जन्माने अमेरिकन. २०१४ला पोलंडने तर युरोव्हिजनच्या स्टेजवर गावाकडच्या पोशाखातल्या मुली आणल्या, एक लोणी घुसळतेय, एक कपडे धुतेय, सगळं डोळे मिचकावत. आपलं व्यंगचित्र आपणच काढलं की मजा येते.

आणि आपलं कोण किती नीट दाखवतं? परदेशात भांगडा शिकवताना सांगतात, एका हाताने बल्ब फिरवा, दुसऱ्या हाताने कुत्र्याला थोपटा. कपाळावर टिकली लावली, हात जोडले, मान डोलवली, झाला भारत. आपण बघतो, हसतो, सोडून देतो. मग जपानी लोकांनीही सोडावं की.

टाच_आधी

@रिमोट_माझाच, पोलंडच्या मुली पोलंडच्याच होत्या. विनोद त्यांचा, अंगही त्यांचं. आणि फ्लॅटली-बटलर अमेरिकेत जन्मले, पण लहानपणापासून आयरिश नाचाच्या स्पर्धा खेळत वाढले. बल्ब आणि कुत्र्याचं म्हणाल तर ती निदान स्टेप आहे! हात कुठे फिरतो ते तरी कळतं. तिच्या बोर्डवर तेवढंही नाही, तेच तर ती म्हणतेय.

ओसाका_रिटर्न

उशिरा वाचलं. सहा वर्षं जपानमध्ये होते, त्यातली चार निहोन बुयो शिकण्यात गेली. बुयो म्हणजे तिथला रंगमंचावरचा पारंपरिक नाच. मी काही गुरू नाही, पण पायाला वळण लागेल एवढं शिकले.

आधी तातडीचं. ओबीची गाठ पुढे ठेवू नका. कृपा करून आजच बदला. पुढे बांधलेली मोठी गाठ म्हणजे जुन्या चित्रांत आणि नाटकांत दिसणारी ओइरान, म्हणजे वरच्या दर्जाची गणिका. गेइशा आणि माइको (शिकाऊ गेइशा) गाठ मागे बांधतात, बाकीच्या बायकाही आता मागेच. तुमची मुलगी नऊ वर्षांची आहे. पांढरा चेहरा, लाजणं आणि वर पुढे गाठ. पदराची चूक निदान अपशकुनाची होती, ही तर त्याहून वाईट.

मी तिथे असताना लहान मुली उन्हाळ्यात काय घालायच्या ते सांगते. युकाता, म्हणजे सुती, बिनअस्तराचा, हलका किमोनो. त्यावर हेको ओबी, मऊ, चुणीदार, ओढणीसारखा पट्टा. मागे साधी फुलपाखरी गाठ, एका मिनिटात होते, वेल्क्रो लागत नाही. युकातालाही डावा पदरच वर.

आता पंखा. तुम्ही विचारता पंख्याशिवाय काय दाखवू. मी म्हणेन, पंखा ठेवा, पण त्याला काम द्या. नाचाचा पंखा वाऱ्यासाठी नसतो. माझा अजून कपाटात आहे. त्याच्या खिळ्याजवळ शिसं भरलेलं असतं, म्हणून तो बोटांवर फिरवला की तोल सांभाळून परत हातात बसतो. बाईंनी मला पहिले तीन महिने पंखा उघडूच दिला नाही. नुसतं मिटलेला धरून चालायचं. मिटलेला पंखा म्हणजे काठी, बासरी, लेखणी. अर्धा उघडा म्हणजे मद्याचा पेला. पूर्ण उघडून हळूहळू वर नेला की चंद्र उगवतो, थरथरवत खाली आणला की पानं गळतात. तोंडापुढे धरून लाजणं हे मला चार वर्षांत कुणी शिकवलं नाही.

पाय तर टीव्हीवर कधीच बरोबर नसतात. तिथे पाऊल उचलत नाहीत, टाच जमिनीला घासत सरकवतात. गुडघे किंचित वाकलेले, कंबर खाली, डोकं एका उंचीवर. तुमच्या धाव-गिरकी-लिफ्टच्या हे बरोब्बर उलट आहे, त्यामुळे चार दिवसांत होणार नाही. प्रयत्नही करू नका.

त्याऐवजी बोन ओदोरी घ्या. उन्हाळ्यात पूर्वजांच्या सणाला सगळा मोहल्ला गोल करून नाचतो: आजोबा, बँकेतला कारकून, शाळेची पोरं. स्टेप सोप्या असतात, कारण त्या सगळ्यांना यायला हव्यात. त्यातला एक नाच क्युशू बेटावरच्या कोळशाच्या खाणीतल्या गाण्यावर आहे. मला आठवतो तो क्रम असा: फावड्याने दोनदा उजवीकडे खणायचं, दोनदा डावीकडे. मग कोळसा खांद्यावरून मागे टाकायचा, उजवा खांदा, डावा खांदा. मग कपाळावर हात धरून मागे वळून बघायचं, काही जण म्हणतात चंद्र बघतात. मग दोन्ही हातांनी गाडी ढकलायची, एक पाऊल, दुसरं पाऊल. हात उघडायचे, टाळी. पुन्हा खणायचं. नऊ वर्षांच्या मुलीला अर्ध्या तासात येईल. मला चाळिशीत आलं.

आणि तुमच्या ट्रॅकमध्ये ती ‘टिंग टिंग टिंग टिंग, टिं टिं, टँग टँग टँग’ धून असेलच. ती काढा. ती ना चीनची ना जपानची, पाश्चात्त्य रंगभूमीने आणि कार्टूनवाल्यांनी रुळवलेली आहे. सहा वर्षांत जपानमध्ये मी ती एकदाही ऐकली नाही.

पानभर_संवाद

मी शोचे अँकर-संवाद लिहितो, म्हणून दोनच ओळी. नाच सुधाराल, पण त्याआधी अँकर काय बोलणार ते वाचून घ्या. २०२१ला ‘डान्स दीवाने’त आसामच्या एका छोट्या स्पर्धकाची ओळख करून देताना सूत्रसंचालकाने चिनी वाटतील असे निरर्थक आवाज काढले. आसामच्या मुख्यमंत्र्यांनी जाहीर निषेध केला. नाचात काही गैर नव्हतं, जे झालं ते नाचाच्या आधीच्या मिनिटात. तुमच्या जपानच्या आधी कुणीतरी ‘चिंग चँग’ करणार, हे मी पैजेवर सांगतो. माझ्याकडे अशी स्क्रिप्ट आली तर मी खोडतो. खोडलेलं परत येतं, हेही सांगून ठेवतो.

तिसरी_रांग

सगळ्यांना उत्तर द्यायचं होतं, पण तीन दिवस श्वास घ्यायला वेळ नव्हता. कालच शूट झालं. काय झालं ते सांगते.

@ओसाका_रिटर्न, तुमचा प्रतिसाद मी ग्रीन रूममध्ये उभ्याने वाचला आणि तशीच ड्रेसवाल्यांकडे गेले. पुढची गाठ त्याच संध्याकाळी गेली. युकातासाठी सुती कापड मिळालं, निळं. पट्टा ओढणीचाच केला.

मास्टरांना ती ‘लाल कापड’वाली क्लिप दाखवली. ते बराच वेळ काही बोलले नाहीत. मग म्हणाले, ‘‘परत लाव.’’ तीनदा बघितली. खाणीचा नाच ऐकल्यावर त्यांनी लगेच उभं राहून करून बघितला, फावडं-फावडं-खांदा-खांदा, आणि त्यांना आवडला, कारण पकड आहे त्यात. अडला तो क्रिएटिव्ह. ‘‘जपानमध्ये खाण कोण बघणार? लोकांना चेरी ब्लॉसम पाहिजे.’’ त्यात आफ्रिकावाल्या टीमने गमबूट उचललं (@टाच_आधी, तुमची कृपा, बोर्डवर आता ‘दक्षिण आफ्रिका’ आहे), तर तो डोक्याला हात लावून म्हणाला, ‘‘दोन-दोन खाणी? मग थीमचं नावच ‘खाण’ ठेवू या का?’’

शेवटी घासाघीस झाली. आधी ३२ काउंट खाणीचे, मग लिफ्ट, कारण प्रोमो. लिफ्टनंतर पंखा: मिटलेला, मग एकदाच उघडून चंद्र वर. लाजणं नाही, पांढरा चेहरा नाही. एलईडीवर गुलाबी फुलं आलीच, ती मी थांबवू शकले नाही. आमच्या कोळशाच्या गाडीवर पाकळ्या पडत होत्या. ट्रॅकमधली टिंग टिंग काढली. अँकरच्या स्क्रिप्टमध्ये @पानभर_संवाद म्हणाले तेच होतं, अक्षरशः तेच. मास्टरांनी स्वतः जाऊन खोडलं. शूटला काही आलं नाही. एडिटमध्ये काय जोडतील ते एपिसोड लागल्यावर कळेल.

बाकीचे देश जसे होते तसेच झाले. इजिप्तचे हात कोपरात वाकले. चीनच्या टीमने ड्रॅगन आणला आणि त्याचं शेपूट क्रेनमध्ये अडकलं.

एक गोष्ट मात्र सांगायलाच हवी. बुधवारी ती मुलगी खांद्यावरून कोळसा टाकत होती, तेव्हा हात बरोबर जात होते पण सगळं कागदाचं वाटत होतं. मी दोनदा ‘वजन दाखव’ म्हटलं. ती थांबली आणि म्हणाली, ‘‘ताई, कोळसा किती जड असतो?’’ मला माहीत नव्हतं. मग पाण्याच्या चार भरलेल्या बाटल्या पिशवीत घातल्या, पिशवी तिच्या खांद्यावर दिली आणि तसेच आठ काउंट करून घेतले. मग पिशवी काढली. खांदा आपोआप खाली गेला होता, गुडघेही वाकले होते, आणि पाय उचलायच्या ऐवजी ती ते सरकवत होती.

ओसाका_रिटर्न

क्लिप मिळाली तर पाठवाल का? फक्त त्या ३२ काउंटची. माझ्या बाईंना दाखवेन. त्या ८१ वर्षांच्या आहेत, काही चुकलं असेल तर नक्की सांगतील, आणि चुकलेलं असणारच.

शिलाईवाला

ताई, तो निळा युकाता शूटनंतर माझ्याकडे पाठवून द्या, धुऊन ठेवतो. ‘फॉरेन मिक्स’मध्ये नाही टाकत, वेगळी पिशवी करतो. गमबूट किती जोड्या आणले होते? दोन जोड्या परत आल्या नाहीत.